चुळीपुरते पाणी

रविवार, १३ डिसेंबर १९५९. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. मी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होतो. फाटकाशी दोन मुले येऊन थांबली. दोघेही पळत आले होते. एकाने फाटकाचा दांडा धरला आणि विचारले,

"आजोबा, पाणी मिळेल?"

दुसरा लगेच त्याला म्हणाला, "गप रे. मास्तरांना कळलं ना, वाट लागेल."

"मास्तर इथे कुठे आहेत?"

"मास्तर सगळीकडे असतात."

दुसऱ्या मुलाचे म्हणणे बरोबर होते. मी आत गेलो, लोटा भरून आणला, फाटकाच्या खांबावर ठेवला आणि जास्वंदीकडे वळलो. तिच्यावर मावा पडला आहे काय, हे पाहणे आवश्यक होते. मावा नव्हता. मी वळलो तेव्हा मुले नव्हती, आणि लोटा हलका झाला होता.

थंडी आल्याचे मला कॅलेंडर सांगत नाही. ती अशीच येते. धापा टाकीत, ओठ कोरडे करून, फाटकाशी उभी राहते.

मुलुंडची थंडी ही थंडी म्हणून फारशी गंभीर नाही. पुण्याचा मनुष्य तिला हसेल. तरीही आम्ही तिचा योग्य तो मान राखतो. मफलर ट्रंकांतून बाहेर येतात आणि आठवडाभर सारी आळी डांबराच्या गोळ्यांच्या वासाने वावरते. पूर्वेच्या मिठागरांवरून खारट, ओलसर वारा येतो. पश्चिमेच्या डोंगरावर धुके बसते व आठ वाजेपर्यंत उठत नाही. स्वयंपाकघरात डिंक तुपात फुलतो, मेथी भाजली जाते, आणि एरवी परस्परांशी न बोलणाऱ्या घरांतून लाडवांचे डबे इकडून तिकडे जातात. १९५३ सालच्या हिवाळ्यात हे सर्व डबे एकाच दिशेने गेले. ती दिशा माझ्या घराची होती, आणि लाडू माझ्यासाठी नव्हते.

ते वसंतासाठी होते. वसंता हा माझ्या विधवा बहिणीचा मुलगा. ती गुहागरला असे. तो शिक्षणासाठी माझ्याकडे राहत असे. मॅट्रिकला तो दोनदा बसला आणि दोन्ही वेळा गणिताने त्याला उठवले. त्याला फक्त पळता येत असे. सौ. फोडणीचे तेल तापत ठेवून त्याला कढीपत्ता आणण्यास पाठवी आणि मोहरी तडतडण्यापूर्वी तो परत येई, असे ती आजही सांगते. मी पडताळा घेतलेला नाही.

आग्रा रोडवर त्या वेळी एक कारखाना नव्याने उभा राहिला होता. त्याच्या साहेबांना खेळाडूंचा शौक होता. जानेवारीत मुलुंड ते घाटकोपर आणि परत अशी शर्यत ठरली. तिच्यात पहिल्या सहांत जे येतील, त्यांना कारखान्यात उमेदवारीवर घेण्याचे साहेबांनी जाहीर केले. वसंताचा मार्ग त्यामुळे सरळ झाला. पहिल्या सहांत आला तर नोकरी. न आला तर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोट, आणि बोटीच्या दुसऱ्या टोकाला चुलत्यांची सुपारीची बाग. त्या बागेत झाडांपेक्षा वाटेकरी अधिक होते. मी त्याला हे एकदाच सांगितले. तो "बरं, मामा," म्हणाला आणि त्या दिवशी दोनदा पळून आला.

आमच्या आळीत कोणतेही कार्य समितीखेरीज होत नाही. विहिरीत मांजर पडले तरी प्रथम समिती नेमतात. त्याप्रमाणे वसंताच्या खाण्यापिण्याची समिती नेमण्यात आली, तिच्या सभा माझ्या व्हरांड्यात होऊ लागल्या, आणि चहा माझ्या घरचा होऊ लागला.

समितीचे प्रमुख करंदीकर मास्तर. ते शाळेत ड्रिल शिकवीत. युद्धकाळात ते पलटणीत होते आणि त्या अनुभवाच्या आधारे बोलत. पलटणीत ते बिगूल वाजवीत, हे मला पुष्कळ पुढे कळले. त्यांचा सिद्धान्त पाण्याविषयी होता.

"पळणाऱ्यानं पाणी प्यायचं नाही," ते म्हणाले. "पाणी पोटात डुचमळतं. डुचमळलं की गोळा येतो. गोळा आला की संपलं."

"तहान लागली तर?" मी विचारले.

"तहान ही मनाची दुर्बलता आहे, अप्पासाहेब." एवढे बोलून त्यांनी दुसरा कप चहा घेतला.

चूळ मात्र त्यांना मान्य होती. तोंडात पाणी घ्यावे, फिरवावे, थुंकावे, गिळू नये. यास ते 'चुळीपुरते पाणी' म्हणत.

समितीचे दुसरे सभासद बाबल सावंत. मूळचे मालवणकडचे, गिरणीत साचे चालवून निवृत्त झालेले, आमच्या मागच्या चाळीत राहणारे. ते सभेत उकिडवे बसत आणि मास्तरांचे बोलणे संपेपर्यंत छताकडे पाहत.

"अप्पानू," ते मला म्हणाले, "पोराक कुळथाची पिठी घाला."

"का?"

"घोड्याक कुळीथ घालतत. घोडो धावता मां?"

मास्तर म्हणाले, "सावंत, घोडा पाणीसुद्धा पितो. बादलीभर."

"मगे पाणीय घाला."

हा युक्तिवाद मला निर्दोष वाटला. तथापि मास्तर प्रमुख होते. कुळीथ मंजूर झाले. पाणी नामंजूर झाले.

मास्तरांनी त्याच सभेत कच्ची अंडीही मंजूर करून घेतली. सौ.ने दारातूनच सांगितले की अंडे या उंबऱ्याच्या आत येणार नाही. तेव्हा असे ठरले की अंडे सावंतांच्या घरी फुटावे, त्यांच्याच पेल्यात दुधात मिसळावे, आणि वसंताने ते फाटकाबाहेर उभे राहून प्यावे. घरात त्याचा उल्लेख 'ते औषध' असा होई. औषध पिऊन वसंता डोळे मिटून काही वेळ फाटकाला धरून उभा राहत असे. समोरच्या घरच्या आजीबाई त्याला नमस्कार करताना पाहून समाधान पावत. तो पूर्वेला तोंड करून उभा असे, आणि त्यांना वाटे मुलगा सूर्याला नमस्कार करतो.

तानसा तलावाचे मोठे नळ आमच्या बाजूने मुंबईला जातात. वसंताचा सराव त्या नळांच्या कडेने चाले. पहाटे मीही काठी घेऊन त्या बाजूस फिरावयास जाई. माणसाच्या उंचीचे ते काळे नळ दवाने ओले झालेले असत. हात लावला तर थंड लागत. कान लावला तर आत एक अखंड, जड घरघर ऐकू येई. साऱ्या शहराच्या आंघोळी, चहा, देवपूजा आणि वरणभात त्या नळांतून वाहत दक्षिणेकडे चाललेला असे, आणि त्यांच्या शेजारून माझा भाचा जीभ टाळूला चिकटलेल्या अवस्थेत पळत असे. सांध्यांपाशी कोठे कोठे पाणी ठिबकत असे. तेथे कावळे बसत. मास्तरांचे कावळ्यांपुढे काही चालत नसे.

घरातही नियम पाळावा लागे. पळण्यापूर्वी तासभर व पळून आल्यावर तासभर पाणी बंद. अंमलबजावणी माझ्याकडे होती. मी चाळीस वर्षे सरकारी कचेरीत काढली आहेत. नियम चांगला की वाईट हा प्रश्न कचेरीत वरचे लोक सोडवितात. वसंताने तक्रार केली नाही. तो फक्त पळून आल्याबरोबर आंघोळीला जाऊ लागला, आणि त्याची आंघोळ दिवसेंदिवस लांबू लागली.

एके दिवशी मी सौ.ला विचारले, "आत काय चालले आहे?"

"आंघोळ करतोय तो."

"आंघोळीत घटघट असा आवाज होत नसतो."

ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "कानात पाणी गेलं असेल," ती म्हणाली.

मी विषय वाढविला नाही. न्हाणीघर हे माझ्या अधिकारक्षेत्राच्या बाहेर होते.

तहानेविषयी मी पुढे काही विचार केला आहे. भूक बोलते, ओरडते, भांडते. तहान गप्प बसते आणि डोळ्यांत येऊन राहते. जेवायला बसलेल्या मनुष्याचे डोळे ताटावर असतात; तहानलेल्याचे डोळे जेथे पाणी असेल तेथे जातात, मग मनुष्य बोलत कोणाशीही असो. त्या हिवाळ्यात वसंता माझ्याशी बोले आणि पाहत मात्र माझ्या मागच्या माठाकडे असे. माठाच्या पोटावर थेंब जमत, एकमेकांत मिसळत आणि खाली ओघळत. मलाही तो माठ त्यापूर्वी इतका सुंदर कधी वाटला नव्हता. उगाच तहान लागे. मी पाणी पिण्यासाठी आत जाऊ लागलो.

शर्यतीला आठवडा उरला तेव्हा खरे संकट आले. ते मास्तरांच्याच घरातून आले. मास्तरांच्या पत्नी फाटकाशी येऊन सौ.ला म्हणाल्या, "मुलगा एवढ्या मोठ्या कार्याला निघालाय. एक दिवस आमच्याकडे जेवायला पाठवा."

साधे आमंत्रण होते. वसंता गेला. तेथे पाटाभोवती रांगोळी होती, समई होती, उदबत्ती होती, आणि पानात बासुंदी होती. निघताना त्याच्या हातात नारळ व पंचा देण्यात आला. मास्तर त्या वेळी घरी नव्हते.

दुसऱ्या दिवशी ही वार्ता चारही गल्ल्यांत गेली. रांगोळी, समई, नारळ, पंचा: याला आमच्याकडे एकच नाव आहे. लग्नाच्या आधी आप्तेष्ट नवऱ्या मुलाला जेवू घालतात, ते केळवण. एका घराने केळवण केले म्हणजे दुसऱ्या घराला ते टाळता येत नाही. ज्यांचे वसंताकडे कधी लक्षही गेले नव्हते अशी घरे त्याला बोलावू लागली. शर्यत आणि लग्न यांतील भेद त्या आठवड्यात पुसला गेला. दोन्हींत मुलगा घराबाहेर पडतो, लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहतात, आणि पुढे त्याचे काय होईल हे कोणालाच ठाऊक नसते, हे मी नाकारत नाही. परंतु नवरदेवाला बारा मैल पळावे लागत नाही.

दुपारी एक घर, रात्री एक घर असा क्रम लागला. श्रीखंड-पुरी. साखरभात. गूळपोळी. जिलबी. आमच्या लोकांचा आग्रह ही एक स्वतंत्र शक्ती आहे. 'पुरे' या शब्दाचा अर्थ तिला कळत नाही. पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून तूप वाढतात. सावंतांकडे आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचे सांबारे होते, असे वसंताने घरी सांगितले. घरात शिरण्यापूर्वी त्याने साबणाने तीन वेळा हात धुतले. वाटाण्यांना इतका वास कसा, हे मी विचारले नाही.

मी समितीची तातडीची सभा बोलाविली. केळवणे बंद करावीत, असा ठराव मी मांडला.

सावंत म्हणाले, "बंद कशी करतलास? माझ्या घराकडे झाला. आता बाकीच्यांका नको म्हणान कोन सांगतलो?"

मास्तर म्हणाले, "तळण वर्ज्य करू." दुरुस्ती मान्य झाली. सभा संपली. त्या रात्री जोशांकडे अनारसे होते. अनारसे तळतात, हे कोणी मनावर घेतले नाही.

वसंता तिसऱ्या दिवशी पाच पंचे खांद्यावर टाकून घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. त्याला वाकता येत नव्हते.

"मामा," तो म्हणाला, "मी पळायला चाललोय का लग्नाला?"

"नोकरीला चालला आहेस. नीट बस."

"बसवत नाहीये."

"मग उभा राहा."

तो उभा राहिला. त्याचा चेहरा मात्र भरला होता, आणि गालांवर प्रथमच थोडी लाली दिसत होती. सकाळचे पळणेही मंदावले नव्हते. उलट, नळांच्या कडेने परत येताना तो पूर्वीप्रमाणे फरफटत येत नसे. मास्तर याचे श्रेय कोरड्या सरावास देत. सावंत कुळथास देत. मी त्या वेळी मत दिले नाही. आजही माझ्यापाशी पुरावा नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी जेवायला बसलो. वसंताच्या पाटाभोवती रांगोळी होती. मी सौ.कडे पाहिले.

"तू सुद्धा?"

"सगळ्या आळीनं केलं. आणि घरच्यांनीच नाही केलं तर लोक काय म्हणतील? त्याची आई इथे नाही." तिने त्याच्या पानात तिसरी पुरणपोळी घातली आणि तिच्यावर दूध ओतले. "खा रे. मामांकडे बघू नकोस."

वसंताने माझ्याकडे पाहिले नाही. मीही माझे पान पाहिले. माझ्या पानातही पुरणपोळी होती. ती उत्तम झाली होती.

शर्यतीच्या दिवशी माझी नेमणूक भांडुपला होती. आग्रा रोडच्या कडेला तेथे एक मोठी चिंच होती. परतीच्या वाटेवर मुले तेथून जात, आणि शेवट तेथून फार लांब नसे. चुळीचा लोटा घेऊन मी तेथे उभे राहावे आणि वसंताने चूळच भरली याची साक्ष द्यावी, असे मास्तरांनी ठरविले. मी नियमाचा मनुष्य असल्याचा लौकिक होता. सावंत माझ्या सोबतीला आले.

लोटा सौ.ने भरून दिला. वर वाटी झाकून फडक्याने बांधला.

"चुळीपुरतेच आहे ना?" मी विचारले.

"हो."

हातात घेताना तो मला जड वाटला. पितळी लोटा आहे, जड असतोच.

आम्ही बसमध्ये बसलो. लोटा मी दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता. सावंत शेजारी गंभीरपणे बसले होते. कंडक्टर आला. त्याने लोट्याकडे पाहिले, फडक्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले,

"काशीहून आणलं का, बाबा?"

"भांडुप. दोन," मी म्हणालो.

त्याने तिकिटे दिली. नंतर तो आमच्या बाजूस फिरकला नाही, आणि खिडकीजवळच्या दोन बायकांनी लोट्याला हात जोडले.

चिंचेखाली सावली होती. जाताना मुले आमच्यासमोरून गेली तेव्हा वसंता चौथा होता. त्याने कमरेला केळवणातला एक पंचा घट्ट आवळला होता. मास्तर सायकलवरून मुलांच्या पाठोपाठ गेले. जाताना त्यांनी लोट्याकडे बोट दाखवून मला मान हलवली. मीही हलवली.

मग पुष्कळ वेळ रस्ता रिकामा राहिला. ऊन चढले. थंडीचे दिवस असले तरी आमच्याकडे नऊनंतर सूर्य महिने पाहत नाही. एक बैलगाडी गवत घेऊन गेली. सावंतांनी दोन विड्या ओढल्या.

परतीला पहिला मुलगा आला. मग दुसरा, तिसरा. प्रत्येकाच्या तोंडाशी पांढरा फेस होता. चौथा आला, तो वसंता नव्हता. पाचवा आणि सहावा एकत्र आले. मी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सातवा गेला.

"येतलो," सावंत म्हणाले.

"मी काही विचारले नाही."

"मीय सांगूक नाय. हवेक सांगलंय."

वळणावर वसंता दिसला. तो पळत होता, परंतु पाय त्याचे वाटत नव्हते. काळ्या बनियनवर घाम वाळून पांढरे पट्टे उमटले होते. उन्हाळ्यात मिठागरात मीठ धरते तसे. ओठ चिरले होते. मास्तर कोठेच दिसत नव्हते. त्यांची सायकल विक्रोळीला पंक्चर झाली होती, हे नंतर कळले. वसंता चिंचेपाशी आला आणि थांबला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. त्याचे डोळे लोट्यावर होते. माठाकडे पाहत तसेच.

मी फडके सोडले. वाटी काढली. लोटा त्याच्या हातात दिला.

"चुळीपुरते," मी म्हणालो.

आणि मी वळलो व चिंचेकडे पाहू लागलो. सावंतांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग तेही वळले. आम्ही दोघे रस्त्याकडे पाठ करून उभे राहिलो.

"काय बघतास, अप्पानू?"

"चिंच."

"बरी धरली आसा औंदा."

"होय. बरी आहे."

मागून आवाज येत होता. तो माझ्या ओळखीचा होता. न्हाणीघराच्या दारातून मी तो महिनाभर ऐकला होता. तो बराच वेळ चालला. चूळ भरण्यास तेवढा वेळ लागतो की नाही, याविषयी मला अधिकाराने काही सांगता येणार नाही. थुंकण्याचा आवाज मला आला नाही. परंतु त्या वेळी रस्त्यावरून एक मालमोटार चालली होती. मग लोटा जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला, आणि पावले दूर गेली. पूर्वीपेक्षा ती जलद होती.

आम्हाला लगेच बस मिळाली. ती मुलांच्या मागोमाग चालली होती. मी खिडकीतून पाहिले नाही. सावंत पाहत होते आणि मला सांगत होते.

"एक मागे टाकल्यान."

"कोणाला?"

"सातव्याक. तो बसलो गटारावर." थोड्या वेळाने ते म्हणाले, "वाट लागली. पोट धरल्यान. गोळो इलो वाटता."

म्हणजे मास्तर खोटे बोलत नव्हते. हे मी येथे नोंदवितो.

"थांबला का?"

"नाय."

"मग?"

"गोळो घेवन धावता."

तेव्हा मी पाहिले. वसंताचा एक हात बरगडीखाली दाबलेला होता आणि दुसरा हात हवेत काहीतरी धरू पाहत होता. मान वाकडी झाली होती. कमरेचा पंचा सुटून मागे फडफडत होता. बारा मैल पळालेला मनुष्य डौलदार दिसत नाही. तो मांडवातून पळ काढणाऱ्या नवरदेवासारखा दिसत होता. पुढचा मुलगा त्याच्याहून चांगला दिसत होता, आणि तरीही त्यांच्यातले अंतर कमी होत होते. बसमधला कंडक्टर दारात लटकून पाहू लागला. चालकाने बस हळू केली. कोणी घंटी वाजविली नाही. काशीचे पाणी समजून हात जोडणाऱ्या बायका परतीच्या बसमध्ये नव्हत्या याचे मला थोडे वाईट वाटले.

मैदानाच्या दोरीपाशी वसंता सहावा आला. मग तो पालथा पडला.

कारखान्याचे साहेब मंचावरून उतरून त्याच्यापाशी आले. त्यांनी त्याला उभे केले, नाव लिहून घेतले आणि विचारले, "खातोस काय?"

वसंताला बोलता येत नव्हते. उत्तर समितीने दिले. मास्तर तोपर्यंत पंक्चर सायकल टांग्यात घालून येऊन पोचले होते, ते म्हणाले, "कोरडा सराव, साहेब." सावंत म्हणाले, "कुळीथ." मास्तरांच्या पत्नी मागून म्हणाल्या, "बासुंदी." जोशांनी अनारशांचे नाव घेतले. साहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली.

त्यानंतर मास्तर मला बाजूला घेऊन गेले.

"अप्पासाहेब, चूळ भरली ना त्यानं?"

"लोटा मी त्याच्या हातात दिला."

"थुंकला ना?"

"मी चिंचेकडे पाहत होतो."

मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी सावंतांकडे पाहिले.

"मीय," सावंत म्हणाले. "औंदा बरी धरली आसा."

संध्याकाळी मी लोटा स्वतः घासावयास घेतला. तळाशी लिंबाची एक बी होती, आणि कडेला गुळाचा चिकट डाग. जिभेला मीठही लागले. चूळ भरण्यास लिंबू लागत नाही. गूळ तर नाहीच. मी बी काढली, सौ.च्या पुढे ओट्यावर ठेवली आणि बाहेर आलो. तिने ती उचलून कुंडीत टाकली. आम्ही त्याविषयी आजवर बोललेलो नाही. ते झाड आता माझ्या खांद्याला लागते. लिंबे अजून धरत नाहीत.

वसंता त्याच कारखान्यात आहे. रविवारी येतो, आल्याबरोबर माठापाशी उभा राहून दोन पेले पाणी पितो, आणि मग बोलायला बसतो. गेल्या वर्षी त्याचे लग्न झाले. लग्नापूर्वी आळीतून एकाही घराचे आमंत्रण आले नाही. सौ. घायकुतीला आली. अखेर मी सावंतांना विचारले.

"केळवान?" ते म्हणाले. "ता झाला मां. चार वर्सां झाली. आता परत कित्या?"

आळीचा व्यवहार चोख आहे. जे एकदा झाले ते झाले.

शर्यत दर वर्षी होते. मास्तरांचा सिद्धान्त कायम आहे आणि मास्तरही कायम आहेत. दुसऱ्या वर्षी मुलांनी एकमताने मागणी केली की भांडुपच्या लोट्यावर अप्पासाहेबच असावेत. त्यांच्यासारखा नियमाचा मनुष्य दुसरा नाही. मास्तरांना याचे समाधान वाटले. मी पाच वर्षे ते काम केले. सौ. घागर भरून देई. लोटा पुरत नसे. त्या चिंचेविषयी मला पुष्कळ माहिती झाली. तिच्या दक्षिणेच्या फांदीवर घारीचे घरटे होते, खोडाला मुंग्यांचे वारूळ होते, आणि एका बाजूने तिची साल निघत असे. रस्ता रुंद करताना गेल्या पावसाळ्यात ती तोडली. माझ्या गुडघ्यांनीही त्याच सुमारास भांडुपपर्यंत जाण्याचे नाकारले. त्यामुळे यंदा लोट्यावर कोण, हे मला माहीत नाही. कोणीही असो, त्याला पाहण्यासारखे झाड उरलेले नाही.

आज सकाळची ती दोन मुले उद्याही येतील. एकाला पाणी मिळाले म्हणजे आणखी चार येतील. जास्वंदीवर रोज मावा शोधणे मला शक्य नाही. लोकांना ते विचित्र वाटेल.

म्हणून दुपारी सावंतांना बोलावून जुना माठ फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. सौ.ने तो धुऊन भरला. तिने आत आणखी काही घातले काय, हे मी पाहिले नाही. वर लाकडी झाकण ठेवले. पेला पितळेचा आहे. त्याला साखळी लावून ती फाटकाच्या गजात अडकविली. मग व्हरांड्यातली माझी खुर्ची उचलली आणि तिची पाठ रस्त्याकडे करून ठेवली.